आवाजाची टॅली आपणच घेऊ

(गाणाऱ्या-लिहिणाऱ्या पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. कुठं कुठं वाक्य सरळ केलं, एवढंच.)



मी मॅट्रिक. पुढं गोदी. माल चढवायचा, माल उतरवायचा आणि उरलेल्या वेळात कविता करायची. तेव्हा इंजिनियरसारखं बोलणं मला जमणार नाही, आणि जमलं असतं तरी बोललो नसतो. पण हल्ली आपल्यातला जो तो मला गाठून एकच विचारतो – ‘ऑडिओ इंटरफेस कुठला घेऊ? पहिलाच आहे. पैसे बेताचे आहेत. घरीच रेकॉर्ड करायचंय.’ रॅप करणारा विचारतो, गायन पार्टीतला विचारतो, कविता वाचणारी पोरगी विचारते. प्रत्येकाला वेगळं सांगून माझा घसा बसला. म्हणून आज सगळ्यांना एकदम.

सवाल दिसतो बाजाराचा. पण त्याच्या पोटात दुसरा सवाल आहे, मालकीचा. तो आधी फोडतो, मग डब्याकडं येतो.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात लिहिलंय ते सोप्या मराठीत सांगतो. गीत लिहिलं तो गीताचा मालक. चाल बांधली तो चालीचा मालक. ठीक. पण ध्वनिमुद्रणाचा मालक कोण? ज्याचा गळा फाटला तो? नाही. कायदा म्हणतो, निर्माता. आणि निर्माता म्हणजे कोण? ज्यानं ते मुद्रण करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं की पुढची ६० वर्षं त्याचा हक्क. गाणाऱ्याला वेगळा हक्क आहे, ५० वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीत त्याच्या रॉयल्टीचीही सोय झाली. पण ते मुद्रण, ती मूळ फाइल, ती निर्मात्याची. म्हणजे दुसऱ्याच्या स्टुडिओत, दुसऱ्याच्या पैशानं, दुसऱ्याच्या कागदावर सही करून तू गायलास, की गळा तुझा आणि आवाज त्याचा.

आता उलटं बघा. तुमच्या खोलीत, तुमच्या डब्यावर, तुमच्या पुढाकारानं रेकॉर्ड केलं, तर कायद्याच्या भाषेत निर्माते कोण? तुम्ही. या एका कारणासाठी हा डबा घ्यायचा. बाकी सगळी चैन.

हे आजचं नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा माणूस, फ्रेड गायसबर्ग, मशीन घेऊन कलकत्त्याला आला. गौहरजान गायल्या. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला गेल्या आणि छापून विकायला परत इकडं आल्या. म्हणजे आवाजसुद्धा बोटीवर चढलेला माल! आपण गोदीवाले, आपल्याला हे कुणी समजावून द्यायला नको. कच्चा माल जातो, पक्का माल येतो, मधला पैसा कुणाच्या खिशात राहतो ते धक्क्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक असतं.

मग १९७९ साली टास्कॅम कंपनीनं पोर्टास्टुडिओ १४४ काढला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. एकट्या माणसानं एकावर एक आवाज चढवायचा. १९८२ साली अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन यानं न्यू जर्सीतल्या आपल्या घरी हा डबा मांडला, शुअरचे दोन माइक लावले, गिटार घेऊन गायला. नंतर मोठ्या स्टुडिओत सगळा बँड बसवून तीच गाणी पुन्हा करून पाहिली. जमली नाहीत. शेवटी घरातल्या कॅसेटवरचंच बाजारात आलं – ‘नेब्रास्का’. आणि आपल्या मुंबईत? २०१४ साली कुर्ल्याच्या नेझीनं ‘आफत!’ केलं, आयपॅडवर. तेव्हा ‘चांगलं मशीन नाही म्हणून अडलंय’ असं मला कुणी सांगू नका. अडलं असेल तर दुसरीकडं कुठंतरी अडलंय.

आता डबा.

धक्क्यावर टॅली क्लार्क उभा असतो. बोटीतून स्लिंग उतरते, तो मोजतो, कागदावर आकडा टाकतो. माल त्यानं बनवला नाही, उचललाही नाही. पण त्याच्या कागदावर चढलं ते खरं. राहिलं ते गेलं. इंटरफेस म्हणजे हा टॅली क्लार्क. तुमचा गळा हवा हलवतो. माइक त्या हालचालीची वीज करतो, इतकी बारीक की मिलिव्होल्टात मोजावी लागते. डब्यातला प्री-ॲम्प ती शंभरपट, हजारपट मोठी करतो. त्याच्या पुढं कन्व्हर्टर बसलेला. तो सेकंदाला ४८,००० वेळा त्या विजेची उंची मोजतो आणि आकडा लिहितो. ते आकडे यूएसबीच्या वायरनं लॅपटॉपमध्ये जातात. ऐकताना उलटा प्रवास – आकड्याची वीज, विजेचा हेडफोनमध्ये आवाज. एवढंच काम. तो तुमचा आवाज गोड करत नाही. तुमची कविता सुधारत नाही. टॅली क्लार्कानं सडका गहू मोजला म्हणून तो चांगला होत नाही.

कुणी म्हणेल, फोन आहे की! फोनला माइक आहे, कशाला हा डबा? बरोबर आहे. सुरुवात फोनवरच करा, डब्यासाठी थांबून बसू नका. पण फोन बनवलाय बोलण्यासाठी. तुम्ही हळू बोललात तर तो आपणहून आवाज वाढवतो, जोरात बोललात तर दाबतो, मागचा आवाज ‘कचरा’ समजून पुसतो. आता डफाची थाप मारा. त्याला वाटतं काहीतरी आदळलं, आणि तो दाबून टाकतो. शाहीर कुजबुजीवरून एकदम आरोळीवर जातो, तिथं फोन दोन्ही सारखं करून ठेवतो. आपल्या गाण्याचा जीवच चढ-उतारात, आणि तोच सपाट. शिवाय एकच माइक. गायक आणि ढोलकी एकमेकांत कालवून बसतात. नंतर ढोलकी कमी करायची म्हटलं तर गायकही कमी.

दुसरा म्हणेल, यूएसबी माइक? सरळ लॅपटॉपला लागतो. लागतो. त्याच्या पोटातच छोटा इंटरफेस असतो. एकट्यानं कविता वाचायची, एवढंच करायचं असेल तर बेलाशक घ्या. पण उद्या ढोलकीवाला आला की तुम्ही अडकलात. दोन यूएसबी माइक एका वेळी चालवणं म्हणजे दोन टॅली क्लार्क, दोन घड्याळं, आणि दोघांचा हिशेब जुळवताना तुमची रात्र गेली. डबा घेतला की माइक बदलता येतो, वाढवता येतो. म्हणून डबा.

तर पहिला सवाल स्वतःला विचारायचा. बाकी सगळं नंतर. एका वेळी किती माइक?

एकटा रॅपर किंवा कवी – एक. गायक आणि ढोलकी – दोन. हार्मोनियम वाजवत गाणारी – दोन, एक गळ्याला, एक पेटीला. आख्खी पार्टी एकदम बसणार असेल – गायक, कोरस, ढोलकी, पेटी – तर चार. पण लक्षात घ्या, सगळ्यांनी एकदम बसलंच पाहिजे असं नाही. आधी ढोलकी आणि गायक घ्या, मग तेच ऐकत कोरस वेगळा चढवा. दोन माइकवर दहा माणसांचं गाणं होतं. म्हणून माझं साधं मत – जमत असेल तर दोन माइकचाच घ्या. आज एकटा असलेला कवी उद्या एकटा राहत नाही. राहिला तर त्याचा सवाल इंटरफेसचा नाही.

इथं बाजाराची एक चलाखी आहे. डब्यावर लिहिलेलं असतं ‘४ इन’. तुम्हाला वाटतं चार माइक लागतील. लागत नाहीत. मोटूचा एम-४ घ्या, फोकसराइटचा स्कार्लेट ४आय४ घ्या. इनपुट चार, पण माइकचे प्री-ॲम्प दोनच. उरलेली दोन भोकं कीबोर्ड, मिक्सर असल्या आधीच मोठी वीज देणाऱ्या यंत्रांसाठी. डबा चांगला आहे, खोटं लिहिलेलं नाही. पण तुमचा चौथा माइक हातातच राहणार. चार माइकच हवे असतील तर बेहरिंगरचा यूएमसी ४०४ एचडी बघा, त्याला खरोखर चार माइक प्री-ॲम्प आहेत. तेव्हा ‘इन किती?’ हे विचारू नका. ‘माइक प्री-ॲम्प किती?’ असं विचारा. दुकानदार थोडा गप्प होईल. होऊ दे.

दुसरी गोष्ट, गेन. म्हणजे प्री-ॲम्प किती पटीनं आवाज उचलू शकतो. हा आकडा डेसिबलमध्ये असतो. जयंतीच्या स्टेजवर गोल जाळीच्या डोक्याचा माइक असतो ना, शुअर एसएम ५८ च्या घराण्यातला, तो डायनॅमिक. एसएम ५८ हे १९६६ पासून चालत आलेलं जनावर आहे, पडलं-आपटलं तरी मरत नाही. पण डायनॅमिक माइक वीज कमी देतो, त्याला गेन जास्त लागतो. छाती फोडून गाणाऱ्या शाहिराला कमी लागेल. हळू आवाजात कविता वाचणारीला ५०-६० डेसिबलपर्यंत जावं लागेल. २०२३ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या स्कार्लेट २आय२ ला ६९ डेसिबल गेन आहे, त्याच पिढीच्या सोलोला ५७. हा फरक हळू बोलणाऱ्याला कळतो, ओरडणाऱ्याला कळत नाही. आपण कुठल्या जातीचे – ओरडणाऱ्या की कुजबुजणाऱ्या – ते बघून घ्या. जात हा शब्द इथं तरी हसत वापरतो.

दुसरा माइक कंडेन्सर. तो बारीक ऐकतो, पण त्याला वीज पुरवावी लागते, ४८ व्होल्ट, माइकच्याच वायरमधून. १९६६ साली नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ माइक केला, तिथून हा ४८ चा आकडा रूढ झाला. डब्यावर ‘४८ व्ही’ असं बटण असतं ते हेच. आज स्वस्तातल्या डब्यालाही हे बटण असतं, तरी खात्री करून घ्या.

आता ‘कंडेन्सर भारी’ म्हणून उड्या मारू नका. कंडेन्सर बारीक ऐकतो म्हणजे काय काय ऐकतो? शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकतो. नळावरची भांडणं ऐकतो. पंखा ऐकतो, लोकल ऐकते तशी ऐकतो, वरच्या मजल्यावर पोरगं गोट्या खेळतंय तेही ऐकतो. स्टुडिओच्या भिंतीला कापूस असतो, आपल्या भिंतीला शेजारी असतो. दहा बाय दहाच्या खोलीत पहिला माइक डायनॅमिक घ्या, तोंडाजवळ चार बोटांवर धरा. जवळचं मोठं होतं, लांबचं आपोआप मागं पडतं. ज्याच्याकडं रात्री दोन वाजताची शांतता आहे त्यानं कंडेन्सर घ्यावा. कुणाकडं आहे?

तिसरी गोष्ट – आकडे. डब्यावर मोठ्या अक्षरात छापतात, ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’. पोरं आकडा बघून भाळतात.

बिट म्हणजे टॅली क्लार्कच्या फुटपट्टीवर किती बारीक रेघा आहेत ते. एका बिटामागं साधारण ६ डेसिबल धरा. १६ बिट म्हणजे ९६ डेसिबल, २४ म्हणजे कागदावर १४४. प्रत्यक्षात असल्या डब्यांची वीजच तिथपर्यंत पोचत नाही. मग २४ चा फायदा काय? आहे, आणि तो आपल्या धंद्यातला आहे. क्रेनवर लिहिलेलं असतं, इतक्या टनांपर्यंतच उचला. शहाणा माणूस त्याच्याही खाली थांबतो, कारण वारा येतो, झटका बसतो. आवाजाचंही तेच. वर एक छप्पर आहे – शून्य डेसिबल. त्याला आवाज टेकला की वरचा भाग कापला जातो, करकर येते, आणि ती करकर पुन्हा काढता येत नाही. म्हणून गेन असा ठेवायचा की सगळ्यात मोठी आरोळी मीटरवर उणे १२ च्या आसपास थांबेल. २४ बिट असलं की एवढं खाली राहूनही बारीक आवाज मातीत जात नाही. एवढ्यासाठी २४ घ्या. १६ बिटवाला हातात असेल तर फेकू नका, सीडी आख्खं आयुष्य १६ बिटवर जगली.

आणि १९२? तो विसरा. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मोजलं की पुरतं. सीडी १९८२ साली आली ती ४४,१०० वर. व्हिडिओसाठी ४८,००० चालतं. तुम्ही ४८ वर ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका माइकची एका मिनिटाची फाइल साडेआठ एमबीच्या थोडी वर होते. १९२ वर तीच चौपट. चौपट जागा, चौपट धाप लॅपटॉपला, आणि ऐकणारा फोनच्या स्पीकरवर ऐकतोय. ज्या डब्यावर १९२ लिहिलंय तो वाईट नाही, पण त्या आकड्यासाठी एक पैसाही जास्त मोजू नका.

चौथी गोष्ट पोरांना घेतल्यावर कळते. लेटन्सी. तुम्ही गाता, आवाज डब्यात जातो, डब्यातून लॅपटॉपमध्ये, तिथून परत डब्यात, मग हेडफोनमध्ये. एवढा फेरा मारून तो तुमच्या कानात उशिरा येतो. लॅपटॉप आवाज सुटासुटा उचलत नाही, गोणीनं उचलतो. त्या गोणीला बफर म्हणतात. ४८,००० च्या वेगानं २५६ ची गोणी भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात, १२८ ची २.७. जाताना एक, येताना एक, वर डब्याची स्वतःची थोडी. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण एक फूट चालतो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा दहा फुटांवरून ऐकण्यासारखा. ढोलकीवाला दहा फुटांवर बसला तर आपण गाऊ शकतो. पण आपलाच गळा दहा फुटांवरून ऐकू आला की जीभ अडखळते. गोणी लहान केली की उशीर कमी, पण जुना लॅपटॉप दमतो, आवाज तुटतो.

यावर सोपा उतारा आहे – डायरेक्ट मॉनिटर. डब्यावर त्याचं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपचा फेरा न मारता सरळ हेडफोनमध्ये येतो. हे बटण किंवा खटका नसलेला डबा घेऊ नका. ही सूचना नव्हे, धमकी समजा.

उशीर कमी-जास्त होतो तो ड्रायव्हरमुळंही. विंडोजवर एएसआयओ म्हणून व्यवस्था आहे, १९९७ साली स्टाइनबर्ग कंपनीनं काढली. कंपनीनं स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिला असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल नावाचा सर्वांसाठीचा फुकट ड्रायव्हर टाकावा लागतो. चालतो, पण उधारीचा बूट चालतो तसा. मॅकवाल्यांना ही भानगड फारशी नाही. लिनक्सवाल्यांनी आणि फोनवर जोडू पाहणाऱ्यांनी डबा ‘क्लास कम्प्लायंट’ आहे का ते विचारावं, म्हणजे ड्रायव्हर न टाकता चालणारा. आणि यूएसबी २ की ३, यावरून घसा फोडू नका. दोन माइकचा आवाज २४ बिट, ४८ वर सेकंदाला २.३ मेगाबिट, यूएसबी २ ची वाट ४८० मेगाबिट रुंद. हायवेवरून हातगाडी न्यायची आहे.

आता नावं. नावं सांगितल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही.

अगदी तळाला बेहरिंगर यूएम-२. एक माइक, एक वाद्य, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. यूएमसी २२ त्याचाच थोडा वरचा भाऊ, तोही १६ बिट. एकट्या रॅपरला, कवीला सुरुवातीला पुरतो. दोन माइक हवेत आणि पैसे मोजके आहेत – यूएमसी २०२ एचडी, २४ बिट. प्रीसोनसचा ऑडिओबॉक्स ९६ हाही दोन माइकचा, २४ बिटचा, साधा गडी. त्याच्या वर फोकसराइटचे स्कार्लेट. सोलोला माइक एकच, दुसरं भोक गिटारचं; हे दुकानदार सांगत नाही. २आय२ ला दोन. चौथ्या पिढीच्या २आय२ मध्ये आवाज स्वतः बेतून घेणारं बटण आहे आणि आवाज छपराला टेकू लागला की गेन खाली ओढणारी सोय आहे. सोलोत या दोन्ही नाहीत. जो स्वतःच गातो आणि स्वतःच बटणं फिरवतो, त्याला याचा खरा उपयोग. ऑडियंटचा आयडी ४ एका माइकचा, आयडी १४ दोन माइकचा. मोटूचा एम-२ दोन माइकचा, आणि समोर छोट्या पडद्यावर मीटर दिसतं. युनिव्हर्सल ऑडिओचा व्होल्ट १ एका माइकचा, व्होल्ट २ दोन माइकचा. हे सगळे चालणारे डबे आहेत. यातल्या कुठल्या डब्यावर रेकॉर्ड केलं ते ऐकणाऱ्याला सांगता येणार नाही. खोली कुठली होती ते मात्र सांगता येईल.

म्हणून पैशाची वाटणी. बाजारभाव दर महिन्याला हलतो, वाटणी हलत नाही. जवळ जेवढे पैसे असतील त्याचे तीन वाटे करा. एक डब्याला. एक माइकला. एक उरलेल्याला, म्हणजे कान झाकणारा बंद हेडफोन, स्टँड, एक्सएलआर केबल. तिन्ही वाटे डब्यावर उधळून मग बूटाच्या खोक्यावर माइक ठेवणारे वीर मी पाहिलेत. स्पीकर नंतर. स्पीकर लावून रेकॉर्ड केलं तर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये घुसतो.

केबल तीन पिनांचीच घ्या, एक्सएलआर. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो. वाटेत जी घरघर दोन्ही तारांवर सारखी चढते ती शेवटी आपोआप वजा होते. आणि हेडफोनमध्ये ‘हूं...’ असा सलग आवाज येत असेल तर डब्याला शिव्या देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपल्या भिंतीतली वीज ५० हर्ट्झची, आपल्या चाळीतलं अर्थिंग रामभरोसे. पुष्कळदा चार्जर काढला की ‘हूं’ जातो. बॅटरीवर गा.

खोलीचा इलाज घरातच आहे. उघड्या भिंतीसमोर गाऊ नका, आवाज परत येऊन आदळतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा, त्याच्यासमोर उभे राहा. पाठीमागं दोरीवर गोधड्या टाका. आजीच्या हातची जाड गोधडी बाजारातल्या पातळ फोमपेक्षा जास्त आवाज खाते. पंखा बंद. घाम येऊ दे.

सॉफ्टवेअरसाठी चोरीचा माल टाकू नका, त्यासोबत व्हायरस येतो आणि आख्खं गाणं जातं. ऑडॅसिटी फुकट आहे. मॅकवर गॅरेजबँड फुकट. रीपर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं, त्यानंतर साध्या माणसासाठी ६० डॉलरचं लायसन.

जुना डबा घ्यायला हरकत नाही. लॅमिंग्टन रोडवर फिरा, ओळखीत विचारा. पण आपला लॅपटॉप, आपला माइक, आपला हेडफोन घेऊन जा. माइक जोडा, गेन शेवटपर्यंत फिरवा, फुसफुस किती येते ऐका. बटणं फिरवताना खरखर येते का बघा. माइकची पिन हलवा, आवाज जातो-येतो का बघा. ४८ व्होल्ट चालू करून कंडेन्सर बोलतो का तपासा. आपल्या लॅपटॉपच्या सिस्टिमसाठी कंपनी अजून ड्रायव्हर देते का, ते घरीच बघून निघा. आणि फायरवायरची वायर लागणारा जुना डबा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आजच्या लॅपटॉपला ते भोकच नाही.

शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं.

प्रत्येकानं वेगळा डबा घ्यायची गरज नाही. हा डबा वहीएवढा असतो, यूएसबीवरच वीज घेतो, पिशवीत मावतो. पाच जणांनी वर्गणी काढा. एका वस्तीत एक डबा, दोन माइक, एक हेडफोन. शनिवारी याच्या घरी, रविवारी तिच्या घरी. कुणाकडं कधी, ते वहीत लिहा. हरवला तर भरून कोण देणार तेही आधीच लिहा, मैत्री राहते.

आणि फक्त स्वतःचंच रेकॉर्ड करू नका. प्रत्येक वस्तीत एक म्हातारा असतो, ज्याला साठ वर्षांपूर्वीच्या जलशातल्या चाली येतात. एक म्हातारी असते, जिला जात्यावरच्या ओव्या येतात आणि जातं आता घरात नाही. त्यांच्या गाण्याची टॅली बहुतेक वेळा कुणी घेतलेली नसते. ती माणसं गेली की तो माल बुडाला, बोटीसकट. त्यांच्यासमोर माइक ठेवा. गाण्याआधी नाव, गाव, चाल कुणाकडून घेतली, आजची तारीख, सगळं त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. त्यांना विचारा, हे लोकांना ऐकवू का? नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तर पुढं-मागं येणाऱ्या पैशात त्यांचा वाटा किती, ते साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. नाहीतर आपणच छोटी ग्रामोफोन कंपनी होऊन बसू, आणि तेव्हा शिव्या द्यायला दुसरं कुणी उरणार नाही.

मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, दोन वेगळ्या घरांत. एका घरात पाणी शिरलं तर दुसऱ्या घरात गाणं राहील. एमपीथ्री लोकांना द्या, मूळ वेव्ह फाइल कुणाला देऊ नका. ती तुमची सातबारा आहे.

डबा कुठला, हे आता तुम्हीच ठरवा. माइक मोजा, बटण बघा, खोली झाका आणि गा. आकडे लिहिणारा हात आपला असला म्हणजे झालं.

उद्या माझी सकाळची पाळी आहे. येतो.